छायाचित्र घेतांना नजर कोठें असावी?

घरांतील वडील माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठीं फोटो शोधण्याची वेळ येते, तेव्हां पुष्कळ कुटुंबांना एक चमत्कारिक अनुभव येतो. फोटो शेंकड्यांनीं सांपडतात. पण एकांत आजीच्या डोक्यांतून विजेची नळी उगवलेली असते, दुसऱ्यांत आजी पुसट आणि तिच्यामागील कॅलेंडर मात्र तारीख वाचतां येईल इतकें ठळक, तिसऱ्यांत मंडपाचें छत अर्धी जागा अडवून बसलेलें आणि माणसें तळाशीं चिमुकलीं. शेवटीं कोणाच्या तरी लग्नांतील समूहचित्रांतून आजीचा चेहरा कापून मोठा करावा लागतो, व तो मोठा होतांच विरून जातो. कॅमेरा स्वस्त होता म्हणून हें घडत नाहीं. १९०० सालीं कोडॅक कंपनीनें एका डॉलरला विकावयास काढलेल्या ‘ब्राउनी’ या पुठ्ठ्याच्या पेटीनेंही चांगलीं चित्रें निघत. भिंगानें नेमकें कोठें पाहावयाचें आणि चौकटींत काय घ्यावयाचें, हें कळ दाबण्यापूर्वीं ठरविलेलें नसतें. सारी उणीव तेथेंच आहे.

प्रथम फोकसचा विचार. भिंग एका वेळीं एकाच अंतरावरचें पूर्णपणें स्पष्ट पाहतें. त्या अंतराच्या पुढेंमागें थोडा पट्टा डोळ्यांना स्पष्ट भासतो इतकेंच. हा पट्टा किती खोल, तें भिंगाचें छिद्र, वस्तूचें अंतर आणि भिंगाची जात यांवर अवलंबून असतें. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचें भिंग आहे आणि माणूस दीड मीटरवर बसला आहे, असें समजा. छिद्राचा आंकडा २ ठेवला तर स्पष्टतेचा पट्टा सुमारें ११ सेंटिमीटर भरतो. म्हणजे डोळा स्पष्ट केल्यास कान पुसट होऊं लागतो. आंकडा ८ केला तर तोच पट्टा सुमारें ४३ सेंटिमीटर होतो व सबंध मस्तक त्यांत सुखानें मावतें. माणूस तीन मीटरवर गेला कीं त्याच ८ च्या छिद्राला पट्टा पावणेदोन मीटरच्या घरांत जातो, आणि दोन रांगांचा समूह निर्धास्तपणें घेतां येतो. आंकडा वाढला म्हणजे छिद्र लहान होतें, ही उलटी रीत नवशिक्याला पहिले कांहीं दिवस छळते. पुढें ती अंगवळणीं पडते. चेहऱ्याच्या चित्रांत फोकस नेहमीं कॅमेऱ्याकडील डोळ्यावर असावा. नाक पुसट झालेलें चालतें, डोळा पुसट झालेला चालत नाहीं.

चित्र बिघडल्यास तें कशानें बिघडलें हें ओळखणें फार उपयोगाचें असतें, आणि बहुतेक हौशी मंडळी नेमका तेवढाच कंटाळा करतात. चित्रांत दुसरें कांहीं तरी स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कांहींच स्पष्ट नसून प्रत्येक बिंदु एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि पोर तेवढें फरांटलेलें असेल तर शटर मंद होतें. हात हलूं नये म्हणून ५० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाचा साठावा भाग हा सामान्य ठोकताळा आहे. धांवत्या मुलाला अडीचशेवा किंवा त्याहूनही लहान भाग हवा. आज बहुतेक घरांतून चित्रें मोबाइलनें घेतलीं जातात. त्याचें भिंग इतकें चिमुकलें असतें कीं पट्टा आपोआप खोल मिळतो. तेथें दोष बहुधा मंद उजेडांत हात हलल्याचा असतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावें, कोपर कमरेशीं टेकावें, आणि आजीला दिव्याखालीं बसविण्याऐवजीं खिडकीच्या कडेला बसवावें.

आतां चौकट. चित्रकाराचा कागद कोरा असतो व तो त्यांत एकेक वस्तु आणतो. छायाचित्रकारासमोर सारें जग आधींच गर्दी करून उभें असतें, आणि त्याला एकेक वस्तु घालवावी लागते. त्यासाठीं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्वतःचे पाय. दोन पावलें पुढें गेल्यानें छत जातें, एक पाऊल बाजूला सरल्यानें डोक्यांतून उगवलेली नळी जाते, गुडघे टेकल्यानें मूल बुटकें दिसण्याचें थांबतें. कळ दाबण्यापूर्वीं नजर एकदां चारही कडांवरून फिरवावी. चौकटीचे उभेआडवे तीन भाग कल्पून मुख्य वस्तु त्या रेषांवर ठेवावी, असा एक नियम पुस्तकांतून आढळतो. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानें तो १७९७ सालीं निसर्गचित्रांच्या संदर्भांत मांडला होता. पांगुळगाडा म्हणून तो बरा. चालतां येऊं लागल्यावर सोडावा.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें तरुणपणीं आंद्रे लोत याच्याजवळ चित्रकलेचें शिक्षण घेतलें होतें. १९३२ सालीं पॅरिसमध्यें सां-लाझार स्थानकामागें कुंपणाच्या फटींतून त्यानें घेतलेलें चित्र प्रसिद्ध आहे. पाण्यावरून उडी टाकणारा मनुष्य त्यांत कांहींसा पुसटच आहे. पण मागील भिंतीवरच्या जाहिरातींतील नर्तकीची उडी त्याच्या उडीला जाब देते, आणि खालीं पाण्यांत त्याची छाया त्याला भेटावयास सज्ज आहे. भिंगापुढें कुंपणाची फळी आल्यामुळें चित्राची डावी कड कापावी लागली होती. पुसटपणाचा दोष रचना कितपत पोटांत घालूं शकते, तें येथें दिसतें. नवशिक्यानें मात्र त्याचा आधार घेऊन फोकसकडे दुर्लक्ष करूं नये.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्याजवळ रोलिफ्लेक्स कॅमेरा असे. त्याच्या रिळावर बाराच चौकोनी चित्रें बसत. बारा म्हटल्यावर हात आपोआप आवरतो. ज्या श्रोत्यांना अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं एका रविवारीं घराचा एकच दरवाजा निवडावा, उजेड बदलेल तसतशीं सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचीं बाराच चित्रें घ्यावीं, आणि तीं त्याच दिवशीं न पाहतां सोमवारीं पाहावीं. दुसऱ्या रविवारीं त्याच दरवाजांत आजीला बसवावें.