दाराबाहेरचा

‘फॉरेन’ हा इंग्रजी शब्द मराठी घरात आता पुरता रुळलेला आहे. मुलगा फॉरेनला गेला, घड्याळ फॉरेनचे आहे, असे म्हणताना इंग्रजीचे अक्षरही न शिकलेल्या आजीबाईंची जीभ अडखळत नाही. हा शब्द उच्चारताच समुद्र, विमान आणि पारपत्र डोळ्यांपुढे येतात. त्याचे मूळ मात्र इतक्या दूरचे नाही. ते घराच्या उंबरठ्यावरच आहे.

लॅटिन भाषेत ‘फोरिस’ म्हणजे दार. त्यावरूनच ‘दाराबाहेर’ असा अर्थ निघाला आणि जुन्या फ्रेंचमधून तो शब्द 13 व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. तेव्हा ‘फॉरेन’ म्हणजे केवळ बाहेरचे. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात जे ‘जी’ अक्षर दिसते, तेही मूळचे नव्हे. राज्य, सार्वभौम अशा अर्थाच्या दुसऱ्या शब्दांच्या अनुकरणाने ते मागाहून आत शिरले. परकेपणा सांगणाऱ्या शब्दातच एक परके अक्षर बसले आहे. त्याचा उच्चार कोणी करीत नाही, आणि त्याला बाहेरही कोणी काढीत नाही.

याहून मौजेची गोष्ट अशी की, लॅटिन ‘फोरिस’, ग्रीक ‘थुरा’, इंग्रजी ‘डोअर’ आणि संस्कृत ‘द्वार’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. संस्कृत द्वाराचेच मराठी रूप म्हणजे आपले ‘दार’. तेव्हा ज्या शब्दाने इंग्रज आपल्याला परके म्हणत असे, तो शब्द आपल्या दाराचाच दूरचा नातेवाईक ठरतो.

मध्ययुगीन लंडनमध्ये या शब्दाचा अर्थ फार काटेकोर होता. जो इंग्लंडचाच रहिवासी, इंग्रजीच बोलणारा, परंतु लंडनच्या नागरिकत्वाचा हक्क ज्याला नाही, असा कारागीर वा व्यापारी म्हणजे ‘फॉरेन’. समुद्रापलीकडून येणाऱ्याला ‘एलियन’ किंवा ‘स्ट्रेंजर’ म्हणत. पहिल्या शब्दाचे मूळ ‘दुसरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, तर दुसऱ्याचे ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दात. म्हणजे ‘फॉरेन’ ठरण्यास देश निराळा असावा लागत नसे. वेशीच्या आत हक्क नसला की पुरे.

मराठीतही असेच घडलेले आहे. ‘परदेशी’ हा शब्द महाराष्ट्रात पुष्कळ काळ उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसास लावीत, आणि आज तो कित्येक घराण्यांचे आडनाव होऊन बसला आहे. या घराण्यांच्या पिढ्या येथेच वाढल्या, येथलीच भाषा बोलू लागल्या, पण नावाने ती अजून परदेशीच आहेत. परकेपणा हा माणसाच्या अंगचा गुण नसतो. दार कोठे बसविले आहे, यावर तो अवलंबून असतो; आणि दार बसविणारा बहुधा दुसराच कोणी असतो.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हे विधान केवळ व्युत्पत्तीपुरते राहत नाही. सातपुड्याच्या दक्षिण अंगास, संत्र्यांच्या बागांनी भरलेला हा मुलूख घरात मराठी बोलतो. त्याला लागून वरुड, नरखेड, काटोल, सावनेर हे तालुके आहेत. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, पोळा दोहींकडे एकच. इतकेच नव्हे, तर ज्या नागपूरकडे हा मुलूख आज सीमेपलीकडचे शहर म्हणून पाहतो, ते नागपूर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद हा छिंदवाड्याकडील देवगडचा होता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, पुढे मध्य प्रांतात आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मध्य प्रदेशात नागपूर हीच या भागाची राजधानी होती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी करताना मुख्यतः जिल्हा हे माप धरले होते. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या पोटात हे दोन मराठी तालुकेही राहिले. कोणी गाव सोडले नाही, कोणी बैलगाडी जुंपली नाही. माणसे आपल्या ओसरीवर बसलेली असतानाच दार मात्र सरकले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात निराळी खोली मिळाली, पण घराचे दार जेथे होते तेथेच आहे.

सीमेचे किती मोल द्यावे लागते, हे पांढुर्ण्यास कोणी शिकवावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी नदीपार नेली आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले, अशी आख्यायिका आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आणि कित्येक घरांनी आपली माणसे गमावली आहेत. झेंडा तोडला म्हणजे तो चंडीमातेच्या देवळात नेतात, आणि सकाळी शत्रू असलेले लोक पुन्हा शेजारी होतात. लॅटिनमध्ये ‘होस्टिस’ म्हणजे शत्रू. त्याचाच इंग्रजी सहोदर ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा. भाषाशास्त्रातला हा दाखला जाम नदीच्या पात्रात एका दिवसात प्रत्यक्ष घडतो. दुःख एवढेच की, प्रत्येकाच्या वाट्याला ती संध्याकाळ येत नाही.

राज्यांच्या सीमांवरून दगड सुटत नाहीत, हे खरे. तेथे जे हरपते ते हळूहळू आणि नि:शब्दपणे. ज्या मुलाला आईने मराठीत जेवू घातले, त्याने शाळेत पाटीवर पहिले अक्षर दुसऱ्या भाषेचे गिरवावयाचे. कचेरीतला अर्ज तिसऱ्याकडून लिहून घ्यावयाचा. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने 1956 साली राज्यांची नवी मांडणी केली, तिनेच घटनेत 350-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. दार सरकविणाऱ्यांनाच आत राहिलेल्यांची आठवण होती, असा त्याचा अर्थ.

हे कलम हिंदीशी वैर सांगत नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच ताजव्याने तोलल्या जातात, आणि दोन भाषा येणे ही कोणाही मुलाची मिळकतच होय. प्रश्न एवढाच की, दुसरी भाषा शिकण्यासाठी पहिली दाराबाहेर ठेवावी लागू नये. तसे झाले, तर ‘फॉरेन’ या शब्दाचा जुना, मूळचा अर्थ एखाद्या मुलाला आपल्याच घरात अनुभवावा लागेल. आणि दाराला आणखीही एक उपयोग असतो, तो म्हणजे ते उघडता येते.