यंत्राचें गीत आणि मुद्रिकेचा मान

आषाढी वारीसाठीं शेगांवहून श्रीगजाननमहाराजांची पालखी पायीं पंढरपुरास निघते. पुढचा गायक चरण म्हणतो, मागचे टाळकरी तो झेलतात. वाटेंत कोणाचा सूर चढतो, कोणाचा घसा बसतो. पण म्हणणारा कोण, हें शेजारच्यास ठाऊक असतें. अभंग संपतांना रचणाऱ्या संताची नाममुद्रा येते. गीत कोणाचें आणि कंठ कोणाचा, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें तेथें गीताबरोबरच मिळतात.

बुलढाणा जिल्ह्यांतील भजनी मंडळांत चालींची देवघेव पूर्वीं वह्यांवरून आणि कानांवरून होई. आतां ती मोबाईलवरून, इंटरनेटवरूनहि होते. अशा देवघेवीच्या जागीं अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे. २०२३-२४ पासून सूनो, उडिओ यांसारख्या यंत्रणा लोकांच्या हातीं आल्या. त्यांना दोन ओळींची सूचना द्यावी, कीं शब्द, चाल, वाद्यें आणि कंठ यांसह सबंध गीत थोड्याच वेळांत तयार! हें गीत या सामाईक भांडारांत घ्यावें काय, हा आजचा प्रश्न आहे.

घ्यावें म्हणणारे एक बोलका दाखला देतात. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे सूर ठरलेले, त्यांतून मींड निघत नाहीं, असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ सालीं शिथिल झाली. पण खेड्यांतील भजनांत पेटी वाजावयाची कधींच थांबली नाहीं. आजचा यंत्रद्वेष उद्यां असाच हास्यास्पद ठरणार नाहीं काय?

दाखला खरा, परंतु तो येथें पुरता लागू पडत नाहीं. पेटीचा भाता कोणीतरी हलवावा लागतो, बोटें कोणाचीं तरी फिरावीं लागतात. पेटीनें गायकाला आधार दिला; नवें यंत्र गायकाची जागाच घेतें. शिवाय तें जें गातें, तें असंख्य माणसांच्या गायनावरून शिकलेलें असतें. आपलीं ध्वनिमुद्रणें परवानगीवांचून वापरलीं, अशी तक्रार करून मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं जून २०२४ मध्यें अमेरिकेंत या दोन्ही यंत्रणांवर दावे लावले.

परक्याचें धन आपल्या नांवावर खपविण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. सालोमालोनें तुकोबांच्या अभंगांवर आपली मुद्रा घातली, असें परंपरा सांगते. आतां याच्या उलट प्रकारहि घडतो: गीत यंत्राचें आणि कंठ मात्र एखाद्या थोर गायिकेचा! आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल पुरविणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें अंतरिम मनाई केली. माणसाचा आवाज त्याच्या संमतीवांचून उचलतां येत नाहीं, हें तत्त्व त्यांत स्पष्ट झालें.

दुसरी अडचण संख्येची. डीझर या फ्रेंच संस्थेनें नोव्हेंबर २०२५ मध्यें सांगितलें कीं, तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गीतांपैकीं सुमारें ३४ टक्के, म्हणजे ५०,००० हून अधिक, सर्वस्वीं यंत्राचीं असतात. ती संस्था अशा गीतांवर तशी खूण करते. बँडकँप या संस्थेनें जानेवारी २०२६ मध्यें त्यांना दारच बंद केलें. ऐकणाऱ्याचे कान दोन आणि दिवसाचे तास चोवीसच. मेहकरकडील एखाद्या मुलीनें आजीपासून शिकलेली जात्यावरची ओवी भीतभीत म्हणून पाठविली, तर या पुरांत ती कोणाच्या कानीं पडावी? जी ऐकिलीच गेली नाहीं, ती दुसरी ओवी कशाला म्हणेल?

तथापि सरसकट बंदीहि अन्यायाची होईल. एखाद्या कवीपाशीं शब्द असतात, पण गळा नसतो. चाल बसवून देणारा गुरु गांवांत नसतो. त्यानें यंत्राची मदत घेतली, तर त्याचे शब्द त्याचेच राहतात. त्यानें एवढेंच सांगावें, कीं शब्द माझे, चाल आणि कंठ यंत्राचा. हीच आजची मुद्रिका होय. जी लपविण्यासारखी वाटते, त्या मदतीविषयीं मनानेंच निकाल दिलेला असतो.

म्हणून न्याय्य मार्ग असा दिसतो. जेथें माणसें गीतांच्या द्वारें एकमेकांना भेटतात, तेथें सबंध यंत्ररचित गीत घेऊं नये. त्याला हवी तर वेगळी जागा असावी. यंत्राची मदत उघड सांगितली, तर गीत घ्यावें. संमतीवांचून उचललेला कंठ मात्र कोठेंच घेऊं नये.

वारकऱ्यांनीं गीताचें दार चोखोबांना आणि जनाबाईला उघडें ठेविलें, कारण दाराबाहेर माणूस उभा होता. आजहि तें दार मोकळें ठेवावयाचें तें अशाच माणसासाठीं. त्याची जागा आधींच भरून गेली असेल, तर दार उघडें असून उपयोग काय?