शनिवारचा एक भाग

भाकऱ्या थापत असाल तर थापत राहा, हात न थांबवता ऐकता येईल असंच बोलणार आहे.

मी बचत गटांची समन्वयक. आठवड्यातले चार दिवस सतरंजीवर बसून बैठका घेण्यात जातात. आणि प्रत्येक बैठकीत एक वाक्य ठरलेलं. "ताई, आवरा लवकर, साडेसातला मालिका लागती." मला राग यायचा. वाटायचं, इकडे हप्त्याचा हिशेब जुळत नाही आणि ह्यांना टीव्हीतल्या सुनेची काळजी. एकदा तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा आमच्या आक्का म्हणाल्या, "दिसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं. अर्धा तास टेकून बगतो, तेवढाच आमचा. त्यो बी नको का?"

मी गप्प बसले. घरी माझाही अर्धा तास ठरलेला आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यातून एक ठरलं. महिन्यातल्या दोन शनिवारी बैठक झाली की समाजमंदिरात सगळ्यांनी मिळून एक भाग बघायचा. कुठला, ते पाळीपाळीनं एकेकीनं सांगायचं. अट एवढीच, की एकदा झालेला प्रकार परत नाही. एकीच्या मुलानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. दूरदर्शनचे जुने भागही मोबाईलवर सापडतात, हे आम्हाला त्यानंच दाखवलं.

पहिली पाळी आक्कांची. आम्हाला वाटलं सासू-सून मागतील. त्यांनी मागितलं 'सीआयडी'! १९९८ साली सुरू झालेली, शिवाजी साटम यांची. दयानं दरवाजा तोडला तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या. खुनी कोण ते आक्कांनी निम्म्यातच सांगितलं. "लई गोड बोलतोय त्यो." आणि तोच निघाला. दुसऱ्या खेपेला 'आम्ही सारे खवय्ये'. त्यात रेसिपी कमी आणि 'चौघांच्या जेवणाला एवढं लोणी?' हीच चर्चा जास्त झाली. मग एकीनं 'आमची माती, आमची माणसं' मागितलं. ते बघून शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी द्यायची हे सगळ्यांनी वहीत लिहिलं. डॉक्टरांना एकत्रच बोलवायचं, हेही तिथंच ठरलं.

'रजनी' मी निवडली. १९८५ ची मालिका, दिग्दर्शक बासू चटर्जी, रजनी झाल्या होत्या प्रिया तेंडुलकर. साडीतली घरातली बाई, पण कुणी अडवलं की कारण विचारणारी. टॅक्सीवाल्यांच्या वागण्यावर तिचा भाग आला तेव्हा टॅक्सीवाल्यांनी निषेध केला होता, एवढं ते लागलं. भाग संपल्यावर गाडी आमच्या गॅसवर आली. आमच्याकडे सिलिंडर आणणारा पोरगा पावतीच्या वर तीस रुपये मागायचा आणि सगळ्या मुकाट द्यायच्या. मैत्रिणींनो, घरपोच आणण्याचा खर्च पावतीच्या रकमेतच धरलेला असतो. स्वतः गोदामातून आणलात तर उलट काही रक्कम कमी होते. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करायची आणि काटा मागायचा. पुढच्या वेळी सहा जणींनी मिळून पावती आणि काटा मागितला. तीस रुपये बंद झाले. पोरगा अजून आमच्याशी नीट बोलत नाही, ते चालायचंच.

आता ज्या शनिवारसाठी मी आज इथं आले, ते सांगते.

पाळी एका वहिनीची होती. नाव सांगत नाही. बैठकीत फारसं न बोलणारी. तिनं 'महाभारत' मागितलं. बी. आर. चोप्रांचं, १९८८ ते १९९० मध्ये रविवारी सकाळी लागायचं ते. त्यातही द्यूताचाच भाग हवा म्हणाली. सगळ्यांनी लहानपणी बघितलेलाच, त्यामुळे सुरुवातीला कुजबुज, शेंगा फोडणं चालू होतं. मग द्रौपदी भर सभेत विचारते, की जो स्वतःलाच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठून आला? भीष्मांनाही सरळ उत्तर देता येत नाही. शेंगांचा आवाज थांबला.

टीव्ही बंद केला आणि वहिनी म्हणाली, "गेल्या वर्षी मी शेळ्यांसाठी चाळीस हजार घेतलं. शेळी एक बी आली न्हाई. त्यांनी गाडी घेतली. मी खुरपणीच्या पैशातनं हप्ता भरती."

त्या कर्जाच्या ठरावावर माझी सही आहे. शेळ्या घेतल्या का, हे बघायला मी गेले होते. दारात तिचे मालक भेटले, 'घेतल्या, रानात हायत' म्हणाले, आणि मी वहीवर खूण करून पुढच्या घरी गेले. गोठ्यात डोकावलेही नाही. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगते.

नंतर बराच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "संसार एक, पैसा कसा वेगळा?" दुसरीनं विचारलं, "मग हप्ता का वेगळा?" बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं, एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांची पत जाते, म्हणजे ही तिच्या एकटीच्या घरातली गोष्ट उरत नाही. त्या रात्री आम्ही इतिवृत्तात तीन ओळी लिहिल्या. कर्ज कशाला हवं ते बाईनं स्वतः बैठकीत सांगायचं. वस्तू घ्यायला गटातल्या दोघींनी बाजारात बरोबर जायचं. पंधरा दिवसांत ती वस्तू डोळ्यांनी बघायची, दारातून विचारून नाही.

वहिनीच्या घरी आक्का आणि मी गेलो. मालक आधी चिडले. आक्का त्यांच्या नात्यातल्या, वयानं मोठ्या, त्यामुळे ऐकून घेतलं. दोन महिने हप्ता त्यांनी भरला. तिसऱ्या महिन्यात नाही भरला. गटानं मुदत वाढवून दिली आहे, पण वहिनी अजून खुरपायला जातेच आहे. ह्या आठवड्यात परत जाणार आहोत.

येत्या शनिवारी पाळी आमच्यातल्या एका तरुण ताईची आहे. तिचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले. तिनं 'होम मिनिस्टर' मागितलं आहे, आदेश बांदेकरांचं, २००४ पासूनचं. आपल्या गावात संक्रांतीला 'खेळ पैठणीचा' होतो, त्याला तिला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो कागद मी छापून घेतला आहे, सरपंचांना द्यायला. पण ताई म्हणाली, ठराव होईल तेव्हा होईल, मला खेळायचं आहे. म्हणून भाग बघून झाला की समाजमंदिरातच खेळ मांडायचा आहे. पैठणी परवडणार नाही, वर्गणीतून एक सुती साडी आणली आहे. पहिला डाव तिचा. संध्याकाळी सहाला या, आणि येताना घरून एकेक पाट आणा. समाजमंदिरात खुर्च्या चारच आहेत.