नाताळची भेट: दहा काड्यांचा तारा

घरी केलेली भेट स्वस्त पडते, हे अर्धेच खरे. हौसेने चकचकीत कागद, गोंद, रंग, मणी असे नवे सामान आणले, तर तयार वस्तूपेक्षा खर्च सहज वर जातो. बचत होते ती एकच वस्तू ठरवून, घरातल्या उरल्यासुरल्या सामानातून ती अनेकांसाठी केली तर. नाताळचा तारा घ्या. बांबूच्या सारख्या लांबीच्या पाच काड्यांची एक चांदणी, तशाच दुसऱ्या पाचांची दुसरी. दोन्हींची टोके दोऱ्याने बांधायची आणि आत, काड्या एकमेकींना छेदतात तिथे, पाच आखूड काड्या उभ्या अडकवायच्या, की तारा फुगतो. त्यावर पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. दिवाळीचा कंदील घरी केला असेल, तर त्याचे काड्या-कागद अनेकदा उरलेले असतात. आत मात्र एलईडीचाच दिवा हवा. मेणबत्तीने कागद पेटतो.

यावर कोणी म्हणेल, वेळेचे काय? पहिल्या ताऱ्याला वेळ लागतो, हे मान्य. पण काड्या एकदम कापून ठेवल्या की पुढचे भराभर होतात. दुसरा आक्षेप, हाताने केलेले देणे कंजूषपणाचे दिसते. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, कुलकुल घरी करून शेजाऱ्यांकडे तबके पाठवायची रीत आहे. तिथे तिला कोणी कंजूषपणा म्हणत नाही. तेव्हा काड्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कापायला घ्या.