तारीख विचारायला शिका

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. विषय : ‘औषधसुरक्षा : करिअर आणि प्रशिक्षण’)



पुढच्या रांगांत बी. फार्म., फार्म. डी.ची मुलं दिसताहेत, बी. ए. एम. एस., बी. एच. एम. एस. झालेली मंडळीही आहेत. मागे त्यांचे आईवडील बसले आहेत. पुढच्यांना विचारायचंय कोर्स कोणता करू, आणि मागच्यांना विचारायचंय फी किती. (हशा) दोन्हींकडे येतो. पण औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यावर माझी एक खात्री पक्की झाली आहे, ती आधी सांगतो. औषधसुरक्षेच्या व्यवसायाचं पहिलं शिक्षण संगणकासमोर होत नाही, ते रुग्णाच्या खाटेशेजारी तारीख विचारताना होतं. गोळी कधी सुरू केली? त्रास कधी सुरू झाला? गोळी कधी थांबवली? त्रास कधी उतरला? या चार तारखा ज्याला काढता येतात, त्याला बाकीचं सगळं शिकवता येतं.

जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा रुग्ण दगावले, त्यावर लेंटिन आयोग बसला, हे इथल्या ज्येष्ठांना मी काय सांगावं! औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा जागतिक आरोग्य संघटनेचा १९६८ चा कार्यक्रम, स्वीडनमधलं उप्सालाचं केंद्र, आपला २०१० साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम आणि गाझियाबादचं त्याचं मुख्य केंद्र, हे विद्यार्थ्यांना पाठ आहे. थॅलिडोमाइड या औषधाची गोष्टही पाठ आहे. पण थॅलिडोमाइडच्या गोष्टीतला माझ्या विषयाचा भाग पुस्तकं दोन ओळींत उरकतात, म्हणून तेवढा सांगतो.

हॅम्बुर्गमध्ये विडुकिंड लेंझ नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९६१ साली त्यांच्याकडे एक तरुण वकील आला. त्याचं बाळ आखूड हातांचं जन्मलं होतं आणि त्याच्या बहिणीचंही तसंच. लेंझ अशा बाळांच्या घरोघर गेले. गरोदरपणात काय खाल्लं, काय घेतलं, हे आयांना विचारत राहिले. आठवणीवर विसंबले नाहीत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहिल्या, दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या. नोव्हेंबरात त्यांनी थॅलिडोमाइड बनवणाऱ्या कंपनीला आपला संशय कळवला आणि महिना सरण्याआधी ते औषध जर्मन बाजारातून उठलं. पुढे त्या तारखा एकापुढे एक मांडल्यावर दिसलं, की शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण चौतिसाव्या ते पन्नासाव्या दिवसांत गोळी घेतली असेल तरच व्यंग येतं. त्यातही गोळी लवकर घेतली असेल तर कान जातो, नंतर हात, अगदी शेवटी अंगठा. पन्नासाव्या दिवसानंतर घेतली असेल तर अशी व्यंगं दिसली नाहीत. मित्रहो, हे कुठल्या महागड्या यंत्रानं सांगितलं नाही. एका माणसानं चिकाटीनं विचारलेल्या तारखांनी सांगितलं!

कुणी म्हणेल, ते जर्मनीत. आपल्याकडे रुग्णाला तारीख कुठे आठवते? आठवते, विचारता आलं पाहिजे. वॉर्डातलं एक उदाहरण सांगतो. एका शेतकऱ्याला फिट्स येत, म्हणून कार्बामाझेपिनची गोळी सुरू झाली होती. काही आठवड्यांनी ताप आला, घसा धरला, तोंड आलं. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या दिवशी अंगावर चट्टे उठले, कातडी सुटायला लागली, माणूस आमच्याकडे आला. निदान स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचं, म्हणजे जिवावरचं दुखणं. कागदावर सगळ्यांनी अँटिबायोटिकला दोषी ठरवलं होतं. माझी एक विद्यार्थिनी त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली.

“मावशी, फिटची गोळी कधी आणली?”

“तारीख-बिरीख न्हाई ठावं, बाई.”

“कुठला सण होता का गं जवळ?”

“नागपंचमीलाच तर आणली.”

“आणि अंग कधी तापलं?”

“खांदेमळणीला. बैलाला हात लावायची ताकद नव्हती त्यांच्यात.”

म्हणजे पोळ्याचा आदला दिवस! अँटिबायोटिक आलं पोळा झाल्यावर. पोरीनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून मोजलं. (हशा) हसू नका, ज्या कालनिर्णयवर आपण दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहितो, ते या कामातलं अव्वल साधन आहे. नागपंचमीपासून खांदेमळणीपर्यंत चोवीसेक दिवस होतात. फिटच्या त्या गोळीची अशी रिॲक्शन बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच येते. आणि ताप आला तेव्हा अँटिबायोटिक तर घरात पोचलंही नव्हतं! ते निर्दोष ठरलं, एवढ्यावर हे संपत नाही. कागदावर विसंबलो असतो, तर खरी दोषी गोळी आम्ही त्याला रोज देत राहिलो असतो. ती त्याच दिवशी थांबली. तो माणूस घरी गेला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली. (हशा) फी आणि पगार राहिला तरी चालेल, प्रशिक्षणाचं सांगतो.

औषधकंपनीत गेलात तर आधी केस घेणं, मग माहिती भरणं, मग मेडड्रा या वैद्यकीय शब्दकोशातून रुग्णाच्या तक्रारीला कोड लावणं, मग केसची हकिगत लिहिणं, अशा पायऱ्या आहेत. पुढे वैद्यकीय तपासणी, ठरावीक मुदतीचे एकत्रित अहवाल, आणि हजारो केसमधून नवा धोका हुडकणं. केस ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात : ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारा माणूस, संशयित औषध आणि घडलेला त्रास. या चार हाती आल्या, तो ‘डे झिरो’. गंभीर, अनपेक्षित केस कळवण्याची पंधरा दिवसांची मुदत तिथून सुरू होते. पाहा, इथंही तारीखच!

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवताहेत. मुलाखतीत सॉफ्टवेअर विचारतात, तारखा कोण विचारतो, असं त्यांना म्हणायचंय. मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. ते शिकाच. पण ते नोकरी लागल्यावर कंपनी स्वतःच शिकवते. रुग्णाशी बोलायला तिथं कुणी शिकवत नाही आणि खुर्चीत बसल्यावर रुग्ण पुन्हा भेटतही नाही. म्हणून कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी तिथं एकच प्रश्न विचारा : वॉर्डात किती दिवस पाठवणार? उत्तर ‘शून्य’ आलं, तर पैसे परत खिशात ठेवा. (टाळ्या)

आणखी एक चिठ्ठी आली आहे : ‘उद्या हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करील, मग आमच्या मुलांनी काय करायचं?’ टायपिंग आणि कोडिंगचा मोठा भाग यंत्राकडे जाईल, जाऊ दे. यंत्र लिहिलेलं वाचतं. खांदेमळणीला ताप आल्याची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. ती एका माणसानं दुसऱ्या माणसाला विचारली, तेव्हा ती नोंदीत आली. हे काम तुमच्याकडेच राहणार आहे.

वेळ संपली. विद्यार्थ्यांनो, बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत दुष्परिणाम नोंदवण्याचं केंद्र असतं. औषधशास्त्र विभागात जा, ‘आम्हाला फॉर्म भरायला शिकवा’ म्हणा. औषध सुरू, औषध बंद, त्रास सुरू, त्रास बंद, या चारही तारखांच्या जागा त्या फॉर्मवर आहेत. त्या रिकाम्या सोडायच्या नाहीत, एवढी शपथ घ्या. आणि आईवडिलांनो, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, तो तुम्हीच भरू शकता. फोन करायचा तर १८००-१८०-३०२४ हा नंबर लिहून घ्या, पैसे पडत नाहीत. आजपासून घरात नवी गोळी आली की तिच्या पाकिटावर सुरू केल्याची तारीख लिहा. औषधसुरक्षेचं काम तिथूनच सुरू होतं आणि त्याला कुठलीही पदवी लागत नाही.