उत्तम कामाचे मोल

(जळगाव येथे गुणवंत विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज ज्यांचा गौरव झाला, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु गुण मिळणे आणि काम उत्तम होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. गुणांना शंभराची मर्यादा असते. उत्तम कामाला ती नसते आणि त्याचा निकाल वर्षाअखेरीस हाती पडत नाही. हे समजून घेण्यासाठी दूर जायला नको. शेजारचे धुळे पुरेसे आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. आपला इतिहास मूळ कागदपत्रांवरून लिहिला गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. जुन्या वाड्यांतली, मठांतली दप्तरे उघडायची, मोडी पत्र लावायचे, नक्कल करायची, तारीख पडताळायची, हा त्यांचा नित्यक्रम. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. तरुणपणीच पत्नी गेली; त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. इंग्रजीत लिहिते तर कीर्ती दूरवर पोहोचली असती; पण ते मराठीतच लिहीत राहिले.

ही झाली तपश्चर्या. तिची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात राजवाडे अग्रभागी होते. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ते दूर झाले. जो स्वतःला सवलत देत नाही, त्याला इतरांची ढिलाई सोसवत नाही. त्यातून एकाकीपण येते. त्यांची कित्येक व्युत्पत्तिविषयक मतेही पुढील अभ्यासकांनी मान्य केली नाहीत. उत्तमाचा ध्यास म्हणजे निर्दोषत्व नव्हे. मात्र त्यांनी साधने छापून समोर ठेवल्यामुळेच इतरांना त्यांचे निष्कर्ष तपासता आले. आपली चूक दाखवण्याचे साधनही जो मागे ठेवतो, तो खरा अभ्यासक.

मग या तपश्चर्येचे फळ कोणते? ते राजवाड्यांच्या पश्चात दिसले. १९२७ साली धुळ्यात भास्कर वामन भट आदी मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभारले. त्यांनी जमवलेले कागद सांभाळले गेले. धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशात आले. कागदांना वाळवी लागू न देणे, याद्या करणे, मुद्रिते तपासणे, या कामांना टाळ्या मिळत नाहीत. पण ती नसती, तर मोठ्या माणसाचे मोठेपण एका पिढीत विरून गेले असते.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. आजोबांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. नातवाने तो शिकवला जाईल, अशी व्यवस्था केली. दोघांचेही काम उत्तमच म्हटले पाहिजे.

शेवटी स्वतःची एक गोष्ट सांगतो. एका स्मरणिकेसाठी मी गावच्या इतिहासावर लेख लिहिला. घाईत एक साल दुसऱ्या पुस्तकातून जसेच्या तसे उतरवले. लेखाची वाहवा झाली. आठवड्याभराने एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच प्रश्न होता : ‘मूळ कागद पाहिलात का?’ मी पाहिला नव्हता. साल चुकले होते. त्या वाहवेची चव तेव्हापासून गेली. ते कार्ड मात्र मी जपून ठेवले आहे.

पालकांना माझी विनंती आहे. मूल घरी आले की ‘किती गुण पडले?’ असे जरूर विचारा. त्यासोबत ‘नीट पडताळून पाहिलेस का?’ हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिका देते. दुसऱ्याचे उत्तर त्याला आयुष्यभर स्वतःलाच द्यावे लागणार आहे.