वहीत नसलेली माणसे



मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी असली तरी अर्थशास्त्रज्ञ नव्हे; म्हणून ‘असंघटित अर्थव्यवस्था’ हा विषय दुकानाच्या गादीवरून जसा दिसला तसाच मांडतो.

अर्जुन सेनगुप्ता आयोगाच्या हिशेबानुसार २००४-०५ साली देशातील सुमारे ४५.७ कोटी कामकऱ्यांपैकी ९२ टक्के लोकांना नोकरीची वा सामाजिक सुरक्षेची हमी नव्हती. हे लोक कोठे दूर नाहीत. आपल्या साडीला फॉल-बिडिंग करणारी भगिनी त्यांतलीच.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. भिवंडीचे यंत्रमाग त्यापूर्वीही चालत होते. पुढे आपला माल तेथूनच अधिक येऊ लागला. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा होती. मग एकाच छपराखालचे माग भाऊ, पत्नी, मुलगा यांच्या नावे विभागले जात. गिरणीत हजेरीपटावर होणारे काम असे हजेरीपटाबाहेर गेले. आपल्याला मीटरमागे काही पैसे स्वस्त पडले, आणि आपण कारण विचारले नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. आपण कुरकुरलो, पण कापडाचा प्रत्येक तागा कागदावर आला. माणूस मात्र आला नाही.

वास्तविक आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ पासून आहे. मंडळाकडे मजुरीबरोबर लेव्ही भरावी, त्यातून हमालास भविष्य निर्वाह निधी मिळावा, अशी ती योजना. ती लेव्ही मी वाचवली, हे आज सांगितलेच पाहिजे. एका हमालाने एकोणीस वर्षे माझ्या गाठी वाहिल्या. पाठीने साथ सोडली तेव्हा त्याचा मुलगा कामाचा दाखला मागू लागला. मी जुन्या वह्या काढल्या. हमाली खात्यात पै-पैचा मेळ होता. नाव एकाही पानावर नव्हते.

दुकानाच्या कागदावर मी दाखला लिहून दिला. पुरावा नाही म्हणून तो परत आला. अजून माझ्या गल्ल्यात आहे.